एका पक्ष्याला एकच उजेड

कपाटाच्या खालच्या खणातून फ्लॅश काढला, त्यात चार सेल घातले, कळ सरकवली, आणि तो गायला लागला.

ज्यांनी फ्लॅश जवळून ऐकलेला नाही त्यांना ही थाप वाटेल, पण तो गातो. आधी अगदी खालून, डास कानाशी यावा तसा बारीक सूर लागतो. मग तो चढत जातो, इतका वर की आपले कान त्याचा नाद सोडतात, आणि तेव्हा पाठीवरचा लाल दिवा लागतो. म्हणजे गवई तयार. माझा हा गवई आता म्हातारा झालाय. सूर चढवताना मध्येच दम खातो. सेलच्या झाकणाला रबरबँड लावलाय. तोंडावर पांढरा रुमाल बांधलेला आहे, उजेड मऊ पडावा म्हणून, आणि त्या रुमालावर कोपऱ्यात हळदीचा डाग आहे. नाकाशी धरला तर अजून इस्त्रीखालच्या कापडासारखा वास येतो.

"बाबा, हे कुठल्या ढिगात?"

ही केतकी, माझी मुलगी. गुरुग्रामला एका उंच इमारतीत राहते, आणि येत्या रविवारी ती मला तिकडे घेऊन जाणार आहे. त्यासाठी सुट्टी काढून तिने दिल्लीतल्या द्वारकेच्या या फ्लॅटमध्ये तीन ढीग मांडलेत: न्यायचं, द्यायचं आणि टाकायचं. मध्ये ती ट्रॅफिक पोलिसासारखी उभी असते. मी एकेक वस्तू घेऊन येतो आणि ती हात दाखवील तिकडे वळतो.

"हा न्यायचा," मी म्हणालो.

"बाबा, यार. कॅमेरा तर आपण शाळेच्या त्या नेचर क्लबला देऊन टाकला. तूच म्हणालास, मला त्यातलं काही कळत नाही. आता नुसता फ्लॅश घेऊन काय करणार?"

"उद्या पहाटे माझ्याबरोबर आईच्या त्या पक्ष्यांच्या घळीत चल, दाखवतो."

"जूनमध्ये? बाहेरची गरमी बघितलीस?"

"नवरंग जूनमध्येच येतो, त्याला मी काय करू. तुझ्या आईला एक नवरंग सांगायचा राहिलाय माझा."

"सांगायचा?"

"सांगायचा."

 तिने फ्लॅश माझ्या हातातून घेतला आणि न्यायच्या ढिगावर, रजईच्या घडीवर, मऊ जागा बघून ठेवला.

सांगणं हा माझा जुना आजार आहे. नोकरी अनुवादकाची, म्हणजे दिवसभर दुसऱ्याचं म्हणणं तिसऱ्या भाषेत लिहायचं. त्याचं उट्टं मी संध्याकाळी काढायचो. दिल्लीतल्या मराठी मंडळींचा गणपती असो, कोजागिरी असो, पहाडगंजच्या मराठी शाळेच्या हॉलमधलं नाटक असो, माइक माझ्या हातात आला की तो परत मागायला कुणालातरी स्टेजवर यावं लागायचं. एकदा एका पाहुण्यांची ओळख मी इतकी रंगवून करून दिली, की बिचारे उठून म्हणाले, आता मला बोलायला काही उरलेलं नाही. माझी बायको शुभा पहिल्या रांगेत बसून कपाळाला हात लावायची. "नाटक्या," घरी आल्यावर म्हणायची, "तुला देवाने तोंड दिलं आणि झाकण द्यायचं विसरला."

आणि अशा माणसाला तिने जंगलात नेऊन गप्प बसवलं.

शुभा एका मंत्रालयात होती. आठवडाभर फायली, मिटिंगा, नोटिंग. रविवारी पहाटे ती दुसरीच बाई असायची. मातकट सलवार-कमीज, डोक्याला तसलीच ओढणी, गळ्यात कॅमेरा. तिला गरुड, सारस असल्या मोठमोठ्या पक्ष्यांत रस नव्हता. "ते काय, सगळ्यांना दिसतात," म्हणायची. तिचा जीव मुठीत मावणाऱ्या पक्ष्यांवर. झाडोऱ्याच्या पार आत, जिथे सकाळी नऊ वाजताही संध्याकाळ असते, तिथे पानांखाली हालणारे ते रंगाचे ठिपके. शिंजीर तुम्ही सावलीत पाहिला तर म्हणाल, हा काय, शाईचा डाग. त्याच्यावर तिरपा उजेड पडू दे, की तो जांभळा होतो, मग निळा, मग मानेशी हिरवा, आणि आपण तोंड उघडं टाकून बसतो. चष्मेवाला तसाच. सावलीत नुसता मळकट. उजेडात पिवळाधमक, आणि डोळ्याभोवती पांढरं कडं, चांदीच्या तारेचं.

"रंग तिथेच असतो रे," ती म्हणायची. "आपण फक्त दिवा न्यायचा."

दिवा नेणारा मी. फ्लॅश कॅमेऱ्यावर बसवला तर उजेड समोरून थाडकन पडतो आणि पक्षी पासपोर्टच्या फोटोतल्यासारखा सपाट दिसतो. म्हणून तो बाजूने, थोडा वरून धरायचा, आणि धरायला दुसरा माणूस लागतो. ती उजवीकडे, मी डावीकडे, हात लांब करून, देवळातल्या दीपमाळेसारखा. मध्ये वायर. जुन्या टेलिफोनला असायची तशी पिळाची काळी वायर, एक टोक तिच्या कॅमेऱ्याला, दुसरं माझ्या फ्लॅशला. मी जरा दूर सरकलो की वायर ताणायची आणि तिला कळायचं. ती जवळ ओढायची आणि मला कळायचं. बोलायची बंदी असल्यामुळे आमचं सगळं संभाषण त्या वायरवर चालायचं. एक हिसका म्हणजे वर धर. दोन म्हणजे थांब. बराच वेळ काहीच नाही म्हणजे, हालू नकोस, आलाय.

लग्नात उपरण्याला शालूची गाठ मारतात ना, ती आमची संध्याकाळी जेवणाआधी कुणीतरी सोडली होती. ही मात्र पुष्कळ वर्षं टिकली.

आता त्यातली खरी गंमत ऐका. तिच्या त्या कॅमेऱ्यात आत एक आरसा होता. डोळा लावायच्या खिडकीतून जे दिसतं ते त्या आरशामुळे. पण बटण दाबलं की तो आरसा वर उचलला जातो, आणि नेमक्या त्याच क्षणी, फोटो निघत असताना, खिडकी काळी होते. फ्लॅशचा उजेड पडतो तोही त्याच क्षणी. म्हणजे पक्षी ज्या क्षणी सगळ्या रंगांनिशी उजळतो, तो क्षण फोटो काढणाऱ्याला दिसतच नाही. तो दिसतो शेजारी फ्लॅश धरून बसलेल्या माणसाला.

तिला फोटो मिळायचा. पक्षी मला दिसायचा.

हे तिच्या पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा तिने कॅमेरा मांडीवर ठेवला. मग थर्मासमधला चहा ओतत म्हणाली, "म्हणजे मी आंधळी कोशिंबीर खेळते आणि तू फुकटात बघतोस."

"मी काय करू? तू फ्लॅश धर, मी फोटो काढतो."

"तू फोटो काढशील तर त्यात पक्षी सोडून सगळं येईल. तू सांग. कसा दिसला?"

ते पहिलं 'कसा दिसला'. त्यानंतर तो आमचा नेमच झाला. कॅमेऱ्याच्या पाठीवर फोटो दिसायची काच असते. तिच्यावर शुभाने सरकारी फाइलच्या पुठ्ठ्याचा चौकोन चिकटवून टाकला, उचलायच्या झाकणासारखा. फोटो लगेच बघायचा नाही. आधी चहा, डब्यातल्या तिखटमिठाच्या पुऱ्या, आणि मी डोळे मिटायचे. मिटायचे यासाठी की फ्लॅशच्या उजेडात पाहिलेलं डोळ्यांच्या आत थोडा वेळ राहतं. उलट्या रंगांचं, तरंगणारं. त्यावरून मी सांगायचो. ती पुरी हातात धरून ऐकायची, चावायला विसरायची. आणि मग पुठ्ठा उचलून फोटो बघायची आणि मला रंगेहाथ पकडायची.

"तू म्हणालास शेपूट फुलवली होती. कुठे आहे फुलवलेली?"

"फोटोच्या जरा आधी फुलवली होती."

"आणि हा काय ऐटीत उभा आहे म्हणे. अरे, हा खाजवतोय."

"ऐटीत खाजवतोय."

हिवाळ्यात धुकं असायचं, आणि धुक्यात फ्लॅश उडवला की पांढरी भिंत उभी राहायची. म्हणून थंडीतल्या सकाळी आम्ही नुसते वाट बघत बसायचो, ऊन खाली उतरेपर्यंत. तिच्या हातमोज्यांची बोटं कापलेली होती. माझ्या पाठीला खडकाचा गारवा लागायचा. थिरथिरा यायचा, सतत शेपूट थरथरवत, ऑफिसला उशीर झालेल्या माणसासारखा. फेब्रुवारी-मार्चात पळस फुलायचा आणि शिंजीर त्याच्यावर भांडायचे. एप्रिलमध्ये धौच्या झाडांखाली पानांचा खच पडायचा आणि पाय ठेवला की पापड मोडल्यासारखा आवाज. मेमध्ये घळीत कुणीच नसायचं. तापलेल्या दगडांचा वास, सुकलेल्या शेणाचा वास, दूरवर मोराची हाक. आणि जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, पहाटे, अजून नीट उजाडलेलं नसताना, एक शीळ ऐकू यायची. दोन स्वरांची. पहिला वर जाणारा, दुसरा खाली सोडलेला. कुणीतरी गल्लीच्या तोंडाशी उभं राहून मित्राला खाली बोलवावं तशी.

"आला," शुभा म्हणायची, आणि माझा हात दाबायची. वर्षभरातली तेवढी एक वेळ, जेव्हा नियम मोडून ती स्वतः बोलायची.

नवरंग. चिमणीहून मोठा, शेपूट जवळजवळ नाहीच, बघाल तेव्हा कुणीतरी मागून कापून घेतल्यासारखा. जमिनीवर उड्या मारत पाचोळा उलथत हिंडतो. आणि शीळ घालताना मान मागे टाकून चोच आभाळाकडे करतो. आमचं घोडं अडलं ते याच मानेपाशी. शुभाला तोच एक फोटो हवा होता. मान वर केलेला, गळा पांढरा दिसणारा, शीळ घालत असलेला. वर्षामागून वर्षं जून यायचा, नवरंग यायचा, तो शीळ घालायचा, आणि तिने बटण दाबेपर्यंत मान खाली आणायचा.

"मान वर होती," मी डोळे मिटून छातीठोकपणे सांगायचो.

ती पुठ्ठा उचलायची. "थापाड्या."

दर वर्षी. आणि दर वर्षी मी सांगताना तिचा श्वास अडकायचा, जणू या खेपेला खरं असेल.

पुन्हा एकदा उजेड टाकावा, निदान आणखी एकदा, असं ती कधी करायची नाही. एका पक्ष्याला एकच उजेड, हा तिचा नियम. घरट्याजवळ तर फ्लॅश काढायचाही नाही. "आपल्या तोंडावर कुणी बॅटरी मारली तर पहिल्यांदा आपण दचकतो," ती म्हणायची, "दुसऱ्यांदा शिवी देतो. त्याला शिवी देता येत नाही, तो गाव सोडतो." मला तेव्हा हे फार वाटायचं. एवढ्या लांब यायचं, तास-दोन तास बसायचं, आणि एक उजेड. तोही मी धरलेला.

एका जूनमध्ये तिथे एक रिटायर्ड काका आले, खुराना अंकल. लेन्स एवढी मोठी की तिला वेगळं स्टूल. त्यांनी मोबाइलवर नवरंगाची शीळ लावली, मोठ्या आवाजात, आणि झुडपातला खरा नवरंग वेड्यासारखा इकडून तिकडे धावायला लागला, कोण घुसलाय आपल्या हद्दीत ते शोधत. शुभा उठली. मला धाकधूक, कारण ती चिडली की तिचं हिंदी थेट सदाशिव पेठेतून यायचं.

"अंकलजी, वो बंद करो. उसको इधर घर बसाना है, उसका टाइम क्यों खाते हो?"

"और मैडम, आप जो उसके सिर पर बिजली गिराती हो, वो?"

"एक बार," शुभा म्हणाली. "एक ही बार. बाद में हम जाते हैं."

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी दोन्ही हात पसरून म्हणालो, "सर, शादी में भी इन्होंने एक ही बार देखा था मेरी तरफ." ते हसले आणि त्यांनी मोबाइल खिशात टाकला. पुढे कित्येक रविवार ते आमच्याबरोबर पुऱ्या खायला बसायचे, आणि मी सांगत असताना मान डोलवायचे, मराठीतलं अक्षर न कळता.

मग कधीतरी ती वायर गेली. तुटली की हरवली, आठवत नाही. त्याऐवजी बिनतारी यंत्र आलं, बोटाएवढं, एक कॅमेऱ्यावर आणि एक फ्लॅशखाली. शुभा खूश. आता मी हवा तितका लांब बसू शकत होतो, उजेड हव्या त्या कोनातून येऊ शकत होता. फोटो सुधारले. मी झुडपाआड लांब बसायचो आणि माझ्या हाताला हिसका बसायचा नाही. हात खाली येत चाललाय हे मला कुणी सांगायचं नाही. मी तिला म्हणालो, वायर बरी होती. ती म्हणाली, "म्हातारा व्हायला लागलास." मी म्हणालो, हो.

घळही बदलत होती. आधी दूरच्या टेकडीमागे एक क्रेन दिसली. मग तिच्या जागी इमारत, रात्री बहुतेक सगळी उजळलेली. मग कुंपणाचे खांब आले, काही वर्षं नुसतेच उभे राहिले आणि त्यांच्यावर कोतवाल पक्षी बसायला लागले. मग त्यांना तार आली. आम्ही तारेत एक फट शोधली, तिथून वाकून जायचो. शुभाची ओढणी तारेला अडकायची आणि मी सोडवायचो. ओढणीत शेवटी इतकी भोकं झाली की ती म्हणाली, आता हिच्यातूनच पक्षी बघते.

गेल्या वर्षीच्या जूनमध्ये ती द्वारकेच्या घरात, आतल्या खोलीत होती. खिडकीला कूलर, कूलरला खसाची, म्हणजे वाळ्याची, ताटी. त्या ओल्या खसाच्या वासात औषधांचा वास मिसळून जो वास होतो तो मला आता कुठेही येतो, बँकेत, मेट्रोत. तिला उठवत नव्हतं.

"जा," ती म्हणाली. "आला असेल."

"तुला टाकून कुठे जाऊ? आणि फोटो कोण काढणार?"

"फोटो कुणाला हवाय? बघून ये आणि सांग."

शेजारच्या वहिनींना तिच्याजवळ बसवून मी गेलो. एकटाच बसलो. ऊन चढलं. परत आलो तेव्हा ती जागी होती, उशीला टेकून, केस विंचरून, नाटकाला जायला तयार झाल्यासारखी.

"दिसला?"

"नाही."

"शीळ?"

"एकदाच आली. पलीकडच्या उतारावरून."

"मग सांग."

"काय सांगू? दिसलाच नाही."

"न दिसलेला सांग."

 मग मी डोळे मिटले आणि सांगायला लागलो. खडकावरची उन्हाची रेघ कशी खाली सरकत आली. पाचोळ्यातलं एक पान आपोआप कसं उलटलं, आणि त्याच्याखाली कुणी नव्हतं. मुंग्या कुणाचातरी पंख ओढत चालल्या होत्या, पुढे जाऊन वळसा घालून परत. धौच्या मुळाशी जिथे तो नेहमी येतो ती जागा झाडून ठेवल्यासारखी मोकळी होती. मी बराच वेळ सांगत राहिलो. डोळे उघडले तर तिचे मिटलेले.

"आणि मान?" तिने मिटल्या डोळ्यांनी विचारलं.

"मान कुणाची? तो नव्हताच तर."

"अरे, नव्हताच, तर मान वर करायला काय हरकत होती?"

आणि ती हसली. हसताना तिला खोकला आला, मी पाणी दिलं. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाली, "पुढच्या वर्षीचा मात्र बघून सांग. आणि थापा नकोत."

थंडीत ती गेली.

मंडळाच्या लोकांनी गुढीपाडव्याला मला माइक दिला होता, मन रमावं म्हणून. मी दोन वाक्यं बोललो आणि तो परत केला. लोक इतके चकित झाले की टाळ्या वाजवायच्या राहिल्या.

तर परवा पहाटे केतकी आणि मी घळीत गेलो. गाडी तिने चालवली. मी मांडीवर फ्लॅश धरून बसलो होतो, नैवेद्याच्या ताटासारखा. तारेतली आमची फट कुणीतरी बुजवली होती, पण थोडं पुढे दुसरी होती. सगळीकडे फटी शोधणारे लोक असतात. आतमध्ये अर्धी घळ सपाट केलेली, लाल माती उघडी पडलेली, तिच्यावर जेसीबीच्या चाकांची नक्षी. एका बाजूला चुन्याच्या रेघा आखलेल्या. पुढच्या जूनमध्ये इथे यायला फट मिळाली तरी घळ मिळेल असं दिसत नव्हतं. पण वरचा कोपरा अजून होता. धौची चार झाडं, आमचा खडक, मुळाशी पाचोळा.

"बाबा, इथे बसायचं? सूखे पत्ते आहेत सगळीकडे. आवाज होईल."

"पाचोळा म्हणतात त्याला."

"पाचोळा," तिने म्हणून बघितलं. "आई म्हणायची. मला वाटायचं ती कुठलीतरी भाजी आहे."

ती बसली ती नेमकी शुभाच्या जागेवर, खडकाच्या उजव्या अंगाला. तिला माहीत असायचं कारण नव्हतं.  मी डावीकडे बसलो, कळ सरकवली. सूर लागला, अडखळला, चढला. लाल दिवा लागला. याच दिव्यावर अंगठा दाबला की फ्लॅश कॅमेऱ्याशिवायही उडतो. मी हात लांब केला, थोडा वर, थोडा तिरका.

हात दुखायला लागला. हिसका देणारं कुणी नसल्यामुळे मी आपणच तो मधूनमधून वर घेत होतो.

मग शीळ आली. एकदा मागून, मग उजवीकडून, मग इतकी जवळून की केतकीने माझा दंड धरला. नखांसकट. पाचोळा हलला. एक पान उलटलं, आणि या खेपेला त्याच्याखाली कुणीतरी होतं. सावलीत तो नुसता गडद दिसत होता, मातीचं ढेकूळ उड्या मारत असल्यासारखा. मुळाशी आला. थांबला. माझा अंगठा दिव्यावर.

मी वाट बघत होतो. कशाची ते तुम्हाला ठाऊक आहे. एक उजेड होता माझ्याकडे, नियम मोडायचा नव्हता, आणि तो मान वर करील म्हणून मी थांबलो होतो. त्याने डावीकडे बघितलं. चोच मुळाला पुसली. दोन उड्या पुढे गेला. आणखी दोन उड्यांनी तो झुडपात गेला असता.

मी अंगठा दाबला.

तो उडाला नाही. क्षणभर थबकला आणि मग आपल्या कामाला लागून, पानं उलटत, सावकाश आत गेला. रुमालाचा तापलेला वास आला. मी डोळे मिटले, सवयीने, आणि उजवीकडे वळलो, आणि तोंड उघडलं.

"बाबा," केतकी कुजबुजली. "मी पाहिला. क्या बात है, बाबा. सगळा पाहिला मी."

कॅमेरा नव्हता, तर आरसा कुठून असणार? तिथे काळी झालेली खिडकीच नव्हती. तिने सगळा पाहिला होता. तिला सांगायचं काही उरलं नव्हतं.

मी तोंड मिटलं. डोळे मात्र मिटलेलेच ठेवले, आतला नवरंग विझेपर्यंत. ती माझा दंड धरून बसली होती, पण तिने काही विचारलं नाही. मग आम्ही उठलो, दुसऱ्या फटीतून बाहेर आलो, आणि गाडीत तिने एसी लावला.

आता घरी, तीन ढिगांच्या मध्ये बसून हे लिहितोय. उद्या रविवार. फ्लॅशमधले सेल काढून ठेवलेत.

तर ऐक, शुभा.

पाठ हिरवी होती, नव्या पोपटी पानाची नव्हे, त्याच्या जरा पुढची, जून झालेली. पोट मातीच्या रंगाचं, चहात दूध जास्त पडल्यासारखं. डोळ्यावरून काळी पट्टी, काजळ पुसताना लांब गेलेली. खांद्यावर निळा तुकडा, तो उजेड पडला तेवढाच पेटला आणि लगेच विझला. शेपटीखाली कुंकू. एका पायाला ओली माती लागली होती. चोचीत काहीतरी होतं, किडा असेल, गवताची काडी असेल, ते मला कळलं नाही. आणि डोळ्यात एक पांढरा ठिपका होता, आपल्या रुमालाचा.

आता पडताळून बघायला फोटो नाही. मी काहीही सांगू शकतो.

मान वर केली नव्हती.